ऑफिसातल्या डिझायनरला वाढदिवसाला काय द्यावं? पाचशेच्या आतला हिशेब

कोल्हापुरात डिझायनरचं अर्धं वर्ष दुसऱ्यांचे वाढदिवस साजरे करण्यात जातं. चौकातल्या दादांचा फ्लेक्स, संस्थेच्या चेअरमनांचं अभीष्टचिंतन, 'शुभेच्छुक' म्हणून खाली ओळीनं उभे करायचे चाळीस चेहरे, त्यातले निम्मे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले धूसर फोटो. आणि तिचा स्वतःचा वाढदिवस आला की ग्रुपवर टाकायचं कार्डसुद्धा तिलाच करायला सांगणारी ऑफिसं आहेत. तेव्हा पहिली भेट बिनपैशाची: त्या दिवशीचं कार्ड दुसऱ्या कुणीतरी करायचं. कसंही होऊ दे.

दुसरी भेट विकत घ्यायची. तिथं एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. डिझायनरला डिझाइन केलेली वस्तू देऊ नये, ती ज्यानं काम करते ती वस्तू द्यावी. 'क्रिएटिव्ह माइंड' छापलेला मग, फोटो घातलेली उशी, डिझायनरवरचा विनोद छापलेला टी-शर्ट या वस्तू दुसऱ्या कुणाला चालतील. तिला मात्र त्यातलं ताणलेलं अक्षर आणि पांढऱ्याच्या कडेला राहिलेली करडी रेघ आधी दिसते, मग मग दिसतो. वर तो टेबलावर रोज ठेवावा लागतो, कारण देणारा समोरच बसतो.

पैशाचं गणितही याच अंगानं मांडा. पाचशे रुपयांत हेडफोन घेतले तर ते तिसऱ्या दर्जाचे मिळतात. पाचशे रुपयांत पट्टी घेतली तर एकदम चांगली पट्टी मिळते. खाली सांगितलेल्या बहुतेक वस्तू दीडशे ते पाचशेत बसतात. दुकानागणिक दर वर-खाली होतील, तेवढं धरून चला.

आधी टेबल बघा

वाढदिवसाच्या आठवडाभर आधी तिच्या टेबलाकडे दोन-तीनदा नजर टाका. ती दर चार दिवसांनी दुसऱ्याकडून काय मागून घेते? कटर, पट्टी, पेनड्राइव्ह, चार्जरची वायर? जे मागून घेतलं जातं ते हमखास लागतं आणि हमखास नसतं. पट्टी असेल तर तिच्या कडेवर बोट फिरवा. कटरनं खाचा पडलेल्या असतील तर ती पट्टी संपली. वही असेल तर आखलेली आहे की कोरी, हेही पाहून ठेवा. पेन टॅबलेट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून चित्र काढायची पाटी, असेल तर ती जेवायला गेल्यावर त्याच्या मागच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो घ्या, मॉडेल नंबर नीट वाचता येईल असा. ड्रॉवर उघडू नका. भेट गुप्त ठेवायची म्हणजे झडती घ्यायची नव्हे.

काम कसलं आहे तेही बघा. फक्त सोशल मीडियाच्या पोस्ट करणारीला छपाईचं सामान देऊन उपयोग नाही. उलट प्रेसला जाऊन प्रूफ (छपाईचा कच्चा नमुना) तपासणारी, पॅकेजिंगच्या खोक्यांचे डमी नमुने कापणारी असेल तर खालची पहिली वस्तू सोडू नका.

पिक ग्लास

ही वस्तू डिझायनरच्या दुकानात मिळत नाही, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांकडे मिळते. कापडाच्या एका इंचात ताणे किती आणि बाणे किती ते मोजायचं घडीचं भिंग म्हणजे पिक ग्लास. तीन पाती असतात. खालच्या पात्याला एक इंचाची चौकोनी खिडकी, तिच्या कडेला मापाच्या खुणा, वरच्या पात्यात भिंग. उघडून कागदावर ठेवलं की अंतर आपोआप बरोबर बसतं, हात स्थिर धरायची कटकट नाही. मिटलं की खिशात जातं. मागाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात विचारा.

छपाईच्या माणसाला हे का लागतं? रविवारच्या पेपरातल्या एखाद्या रंगीत जाहिरातीवर ते ठेवा. डोळ्याला जो एकसंध गव्हाळ चेहरा दिसत होता, तो निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांचा होतो. ठिपके एकमेकांभोवती फुलासारखे नीट बसले असतील तर छपाई ठीक. गुलाबी ठिपके एका बाजूला सरकून अक्षराच्या कडेला झालर दिसत असेल तर रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, सुटलं. प्रेसवाला 'एवढं चालतंय की ओ' म्हणतो तेव्हा त्याच्या हातात भिंग देता येतं, वाद तिथंच मिटतो. चार रंग मिसळून केलेलं बारीक काळं अक्षर का फुटतं, तेही यातून लगेच कळतं: प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी, त्यातली एक जरी केसाएवढी हलली तर सहा पॉइंटच्या, म्हणजे अगदी बारीक, अक्षराला लपायला जागा नसते.

घेताना चार गोष्टी तपासा. मोठेपणा ८ ते १० पट पुरतो. ६० पट लिहिलेली लाइटवाली खेळणी घेऊ नका, त्यात दोन-चार ठिपके दिसतात आणि शेजारच्या रंगाशी तुलनाच करता येत नाही. भिंग काचेचं बघा, प्लॅस्टिकवर महिन्याभरात चरे येतात. आलेखाच्या कागदावर ठेवून खिडकीच्या कोपऱ्यातल्या रेघा वाकड्या होतात का ते पाहा. थोड्या होणारच, पण मधोमध सरळ हव्यात. बिजागरी उघडून हलवा. खटखट वाजत असेल तर दुसरं मागा, कारण पातं ढिलं झालं की अंतर चुकतं आणि सगळंच धूसर दिसतं.

पट्टी, कटर, मॅट

३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी घ्या, एका कडेला मिलिमीटर आणि दुसऱ्या कडेला इंच असलेली. फ्लेक्सचा सगळा व्यवहार फुटात आणि इंचात चालतो, कागदाचा मिलिमीटरमध्ये, आणि ती दोन्हीकडे फिरते. आकडे छापलेले नकोत, कोरलेले हवेत. नख फिरवलं की खाच लागली पाहिजे. दुकानात दोन पट्ट्या कडेला कडा लावून उजेडासमोर धरा. मधून उजेडाची पाचर दिसली तर दोन्हींपैकी एक वाकडी आहे, तिसरी मागून कोणती ते ठरवा. दुकानदार जरा वैतागेल, वैतागू दे. मागे कॉर्क लावलेली मिळाली तर तीच घ्या, कापताना ती कागदावरून घसरत नाही.

कटरमध्ये ९ मिमी पात्याचा बारीक कटर कागदासाठी आणि १८ मिमीचा जाड पुठ्ठा किंवा सनबोर्डसाठी (फोमच्या हलक्या पाटीसाठी). डिझायनरला पहिला जास्त लागतो. त्याच्यासोबत ३० अंशाच्या टोकदार पात्यांची एक डबी द्या. नुसता कटर दिला तर वर्षभर तेच बोथट पातं चालवलं जातं, आणि बोथट पात्याला जोर लागतो, जोर लागला की हात सुटतो. बोटं कापतात ती बहुतेकदा अशीच.

कटिंग मॅट ए-४ आकाराची बजेटात बसते. हिरवी असो वा निळी, जाडी साधारण ३ मिमी बघा. एक सूचना चिठ्ठीवर लिहून द्या: ही मॅट उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायची नाही. एप्रिलमधल्या गाडीच्या मागच्या सीटवर दुपारभर राहिलेली मॅट पापडासारखी वाकते आणि पुन्हा सपाट होत नाही. गुंडाळूनही ठेवायची नाही.

पट्टी, ९ मिमीचा कटर आणि पाती मिळून पाचशेच्या आत येतात. मॅट धरली तर दोघांनी मिळून घ्या.

वही: विकतची की बांधून घेतलेली

वही दिली तर ती वापरली जाईलच असं नाही. महागडी, जाड पुठ्ठ्याची, सोनेरी कडांची वही डिझायनर जपून ठेवते, 'चांगल्या कामासाठी', आणि ते चांगलं काम कधी येत नाही. कच्ची चित्रं काढायला भीड वाटणार नाही इतपत साधी आणि शाई न फुटणारी वही हवी.

कागदाचं वजन बघा. ते जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम असं, मोजतात. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, त्यावर फाइनलायनरची (बारीक टोकाच्या शाईच्या पेनाची) सावली मागच्या पानावर उमटते. १०० ते १२० जीएसएम पेनासाठी पुरे. ब्रश पेन वापरत असेल तर १६०. जलरंगाचा ३०० जीएसएमचा कागद घेऊ नका, पानं थोडी येतात आणि पेन खडबडीत चालतं. आकार ए-५, म्हणजे १४८ बाय २१० मिमी, बॅगेत मावतो. कोरी किंवा ५ मिमी अंतरावर फिकट ठिपके असलेली चालेल. आखीव रेघांची नको.

यापेक्षा छान म्हणजे बाइंडरकडून जुज, म्हणजे मधून दुमडून एकात एक घातलेले कागद, शिवून घेतलेली वही. ए-४ आकाराचे १२० जीएसएमचे २० कागद, पाच-पाच कागदांचे चार जुज, मधून दोऱ्यानं शिवून. ४० पानं होतात, म्हणजे ८० बाजू. वर तपकिरी क्राफ्टचा साधा पुठ्ठा, त्यावर काहीही छापायचं नाही. नुसती गोंदानं चिकटवलेली वही घेऊ नका, मधोमध सपाट उघडली की पाठ तडकते आणि पानं सुटतात.

इथं एक चूक सगळे करतात. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे त्याचे तंतू एका दिशेनं असतात. बाजारात रीममध्ये मिळणाऱ्या ए-४ कागदाचा ग्रेन बहुतेक वेळा लांबीच्या दिशेनं असतो. तो मधून दुमडून ए-५ केला की ग्रेन शिवणीला आडवा येतो. मग वही उघडली तरी पानं फुगून उभी राहतात आणि घडीवर कागद तडतडतो. ग्रेन शिवणीला समांतर हवा. तपासायला कागद आधी लांबीच्या बाजूनं, मग रुंदीच्या बाजूनं न मोडता हलकेच वाकवा. ज्या वळणाला कमी विरोध होतो त्याची रेघ म्हणजे ग्रेन. कागदवाल्याला सांगा की मोठ्या शीटमधून ग्रेन आखूड बाजूला येईल असे ए-४ कापून दे. मुरलेल्या कटिंगवाल्याला एका वाक्यात कळतं. बाइंडरला चार-पाच दिवस द्या. लग्नसराईत पत्रिकांची गर्दी असते, तेव्हा आठवडा.

वहीसोबत पेन द्यायचं असेल तर बारा रंगांचा सेट नको. काळ्या पिगमेंट शाईचे (वाळल्यावर पाण्यानं न पसरणाऱ्या) तीन फाइनलायनर: एक केसासारखा बारीक, एक मधला, एक जाडसर. आकड्यांना फसू नका. काही कंपन्यांच्या पेनावर ०५ लिहिलेलं असतं, पण रेघ ०.४५ मिमीची येते, आणि ०१ ची रेघ ०.२५ मिमीची. दुकानातच रेघ ओढा, मिनिटभर थांबा, ओल्या बोटानं पुसा. पसरली तर शाई पिगमेंटची नाही.

प्रेसचे खिळे

ऑफसेट छपाई आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी, येण्याआधी मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवला जायचा. पायानं चालवायच्या ट्रेडल मशिनी बंद पडल्या तसे हे खिळे वजनावर भंगारात गेले, पण जुन्या प्रेसच्या माळ्यावर अजून खिळ्यांची एखादी केस, म्हणजे खणांची पेटी, पडलेली सापडते. अक्षरांवर पोट असलेल्या माणसाला तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराचा खिळा मिळाला तर त्याची बरोबरी दुकानातली कोणतीच वस्तू करत नाही. शिवाय किंमत चहा-नाश्त्याएवढी.

आकारानं मोठा शोधा, ३६ किंवा ४८ पॉइंटचा. ७२ पॉइंट म्हणजे साधारण एक इंच, तेव्हा ३६ चा खिळा अर्ध्या इंचाचा. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं, त्यामुळे काळजीपूर्वक ओळखा. स्टॅम्पपॅडवर टेकवून कागदावर दाबा, मगच पैसे द्या. वरची रेघ तुटलेली असेल तर कागदावर लगेच दिसते. अंगावर एका बाजूला आडवी खाच असते. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला न बघता बोटानं खिळ्याची बाजू कळावी म्हणून ती असायची, तो दोष नाही. लाकडी खिळा मिळाला तर आणखी उत्तम, ते जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांसाठी असत.

शिसं विषारी आहे, हे विसरू नका. खिळ्यावर पांढरी भुकटी धरली असेल तर तो घेऊच नका, आणि ती भुकटी घासून उडवू तर मुळीच नका. चांगला खिळा ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या, वाळल्यावर पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात मारा, झाकणाच्या छोट्या डबीत घालून द्या. हाताळल्यावर साबणानं हात धुवा. घरात रांगतं मूल असेल तर हा पर्याय सोडा आणि लाकडी खिळा शोधा.

चप्पल लाईन आणि उद्यमनगर

डिझायनरच्या टेबलाखाली वायरींचं जाळं असतं. त्यासाठी चामड्याच्या पट्ट्या करून घ्या. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, त्याचे तुकडे चप्पल लाईनमधल्या कारागिराकडे उरतात. १४ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद, दीड ते दोन मिमी जाड अशा तीन पट्ट्या, प्रत्येकीला एक टिचबटण. जाड चामडं मागू नका, ते वळत नाही आणि बटण उचकटतं. रंग न लावलेलं नैसर्गिकच घ्या. ओलं पांढरं फडकं घासून बघा, रंग उतरला तर तो उद्या तिच्या प्रूफवर उतरणार. जुलै-ऑगस्टमध्ये देणार असाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आपल्याकडच्या पावसात चार दिवसांत बुरशी धरते.

वर पंखा गरगरत असलेल्या ऑफिसात प्रूफ उडतात, त्यावर उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, पितळेचं वजन करून मिळतं. ४० मिमी व्यासाच्या दांड्याचा २० मिमी उंचीचा तुकडा साधारण २१० ग्रॅम भरतो, ए-३ कागद दाबायला भरपूर. वर-खाली दोन्ही कडांची धार एक मिमी तिरकी मारून घ्या, नाहीतर कागद फाटतो. खाली फेल्टची चकती चिकटवा. एका नगासाठी लेथ लावायला कुणी राजी होत नाही, म्हणून 'उरलेला तुकडा फेसिंग करून (तोंडं सपाट करून) द्या' असं म्हणा आणि कामाच्या गर्दीत जाऊ नका. लोखंडाचं स्वस्त पडतं, पण गंजून डाग पाडतं.

वायरीवरच्या वस्तू

पेन टॅबलेट वापरत असेल तर त्याच्या पेनाचं बदली निब, म्हणजे टोक, हा फार नेमका पर्याय आहे. झिजलेल्या निबला छिन्नीसारखी धार येते आणि ती टॅबलेटचा पृष्ठभाग ओरखडते. तरी लोक निब बदलायला विसरतात. मात्र निब मॉडेलनुसारच बसतात, म्हणून मघाचा स्टिकरचा फोटो जवळ ठेवा. जोडीला दोन बोटांचा ड्रॉइंगचा हातमोजा, घामानं हात चिकटत नाही.

पेनड्राइव्ह द्यायला हरकत नाही. प्रेसला दिलेले पेनड्राइव्ह परत येत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे. ६४ जीबी पुरे. रस्त्यावरचा स्वस्त '१ टीबी' घेऊ नका. त्यात खरी जागा थोडीच असते, ती भरली की पुढच्या फाइल्स दिसतात पण उघडत नाहीत. द्यायच्या आधी एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट करा, कारण जुन्या फॅट-३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. त्यात चोरीच्या फॉन्टांचा गठ्ठा भरून देऊ नका. तिला लागतात ते तिच्याकडे आहेत, आणि परवान्याची भानगड तिच्या नावावर नको.

इंटरनेटवरून उतरवलेलं जुनं पोस्टर छापून फ्रेम करून देण्याचा मोह होतो. बाबूराव पेंटरांनी आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली त्या गावात तो होणारच. पण ए-४ ला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. मोबाइलवर सेव्ह केलेली ७०० पिक्सेलची प्रतिमा फ्रेममध्ये घातली तर तिला रोज फक्त पिक्सेल दिसतील.

वर्गणी जमली तर

दहा जणांचे दीडशे, म्हणजे दीड हजार, जमले तर टेबललॅम्प घ्या. खोक्यावर दोन आकडे शोधा. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त आणि रंगतापमान (उजेड पिवळट की निळसर ते सांगणारा आकडा) ५००० केल्विनच्या आसपास. छापील रंग तपासायला याच उजेडाचा दंडक आहे. सीआरआय ८० च्या दिव्याखाली लाल रंग मातकट दिसतो. आकडाच लिहिलेला नसेल तर तो दिवा अभ्यासाच्या टेबलासाठी आहे, रंगासाठी नाही.

गुंडाळणं

इथं ती बघणारच. चमकीचा कागद नको, साधा तपकिरी क्राफ्ट आणि सुती दोरा. १५ बाय २१ सेंटिमीटरची, २ सेंटिमीटर जाडीची वही असेल तर कागद ३७ बाय २६ चा कापा. वहीभोवतीचा वेढा ३४, त्यावर ३ सेंटिमीटर चढ, आणि लांबीच्या दोन्ही टोकांना अडीच-अडीच. पातळ फेविकॉलनं कागद सुरकुततो, सेलोटेप चमकते. १२ मिमीची दोन्हीकडून चिकटणारी टेप आतून लावा. नाव हातानं लिहा आणि ती स्वतः जसं लिहिते तसंच, ऱ्हस्व-दीर्घासकट. बिल वेगळ्या पाकिटात जपा, निब चुकले तर बदलून आणता येतील.

केकऐवजी भडंग आणलंत तर कागदी वाट्यांत चमचे घालून वाटा. तेलातिखटाची बोटं तिच्या कीबोर्डवर आणि नव्या वहीवर जायला एवढासा वेळ लागतो, आणि तेलाचा डाग १२० जीएसएमच्या कागदातूनही आरपार जातो.